उत्तर यंत्राचं, ताळा कुणाचा?

१९७३ च्या सुरुवातीला अमेरिकेत दोन विद्यार्थी एकच गणित सोडवत होते. फ्रँक विल्चेक प्रिन्स्टनला, मार्गदर्शक डेव्हिड ग्रॉस यांच्यासोबत. डेव्हिड पोलित्झर हार्वर्डला, बराचसा एकट्यानं. प्रोटॉनच्या आत क्वार्कना धरून ठेवणारं बल, क्वार्क एकमेकांच्या फार जवळ आले की वाढतं की कमी होतं, एवढाच प्रश्न होता. पानंच्या पानं आकडेमोड केल्यावर सगळं एका संख्येच्या चिन्हाशी येऊन थांबत होतं. अधिक आलं तर हे बल विजेच्या बलासारखं वागणार, जवळ जाल तसं आणखी तीव्र होणार. उणे आलं तर जवळ आलेले क्वार्क जवळपास मोकळे फिरणार. चिन्ह उणे निघालं. ग्रॉस यांना तर असा सिद्धांत असूच शकत नाही हे दाखवायचं होतं. गणितानं त्यांना नेमकं उलट्या बाजूला नेऊन सोडलं. २००४ चं नोबेल तिघांना मिळालं ते या उण्या चिन्हासाठी.

आज हेच गणित पदव्युत्तर वर्गात गृहपाठाला देतात. एखादं चांगलं एआय मॉडेल ते पायऱ्यांसकट काही मिनिटांत लिहून देतं. यावरून कुणी सहज म्हणेल, की ज्याला नोबेल मिळालं ते काम आता यंत्र करतं, म्हणजे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाचे दिवस भरले. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण याच गोष्टीच्या कमी सांगितल्या जाणाऱ्या भागात आहे. ते उणे चिन्ह १९७३ च्या आधीच कागदावर आलेलं होतं. १९६५ साली सोव्हिएत संघात वान्याशिन आणि तेरेंतिएव्ह यांच्या गणितात ते होतं. १९६९ मध्ये ख्रिप्लोविच यांच्या गणितात होतं. १९७२ मध्ये मार्से इथल्या परिषदेत जेरार्ड टी हूफ्ट यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलंही होतं. दरम्यान १९६८ पासून स्टॅनफर्डच्या प्रवेगकावरचे (कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणाऱ्या यंत्रावरचे) प्रयोग एक कोडं घालत होते: जोरात आदळलं की प्रोटॉनच्या आतले कण मोकळे असल्यासारखे वागतात, ते का? कोडं एका टेबलावर पडलं होतं आणि उत्तर दुसऱ्यावर. दोघांची गाठ घालायला आठ वर्षं लागली.

एआयमुळे भौतिकशास्त्रातलं संशोधन कसं बदलेल, ही चर्चा निघाली की मला ही आठ वर्षं आठवतात. यंत्र आता उत्तरांचा ढीग घालेल याबद्दल मला शंका नाही. त्या ढिगातलं कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं आहे, हे ओळखणारी आणि ते बरोबर आहे म्हणून जामीन राहणारी माणसं आपण तयार करत राहणार आहोत का, ही माझी चिंता आहे. विद्यापीठांनी, नियतकालिकांनी आणि संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी हा प्रश्न आजच धसाला लावायला हवा. दहा वर्षांनी तो विचारायला योग्य माणूसच उरणार नाही.

यंत्र भौतिकशास्त्रज्ञांची जागा घेईल, हे भाकीत नवं नाही हेही सांगायला हवं. १९८० साली केंब्रिजमध्ये लुकेशियन प्राध्यापक म्हणून दिलेल्या उद्घाटनाच्या व्याख्यानात स्टीफन हॉकिंग यांनी हाच विषय शेवटी काढला होता: संगणक ज्या वेगानं सुधारताहेत ते पाहता सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा नाही तरी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांचा शेवट दिसू लागला असावा, असा त्यांचा सूर होता. त्यानंतर चार दशकं गेली. भौतिकशास्त्रज्ञ संपले नाहीत, पण त्यांच्या हातातली हत्यारं पार बदलली. मार्टिनस वेल्टमन यांनी १९६३ मध्येच चिन्हांची बीजगणिती आकडेमोड करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. पुढे त्यांना आणि त्यांच्या विद्यार्थ्याला, म्हणजे याच टी हूफ्टना, १९९९ चं नोबेल मिळालं. तेव्हा यंत्राला दारात उभं करून ठेवण्याची भाषा मी करणार नाही. ते केव्हाच घरात आलेलं आहे.

आणि ते जिथे खरंच कामाचं आहे, तिथे मोकळ्या मनानं तसं म्हणावं. १९८० च्या दशकात फर्मीलॅब या अमेरिकेतल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत स्टीफन पार्क आणि टॉमाझ टेलर दोन ग्लुऑन (क्वार्कना बांधून ठेवणारे कण) आदळून चार बाहेर पडण्याची शक्यता मोजत होते. त्यासाठी २२० फाइनमन आकृत्यांची, म्हणजे टकरीच्या एकेका शक्य वाटेच्या चित्रांची, बेरीज करावी लागते, आणि त्यातल्या एकेका आकृतीतून पदांचं जंगल उगवतं. महिन्यांच्या खटपटीनंतर त्यांच्या लक्षात आलं, की कणांच्या फिरकीच्या काही विशिष्ट रचनांसाठी ते अख्खं जंगल एका ओळीत मावतं. १९८६ साली त्यांनी ती ओळ अंदाज म्हणून छापली. सिद्धता दुसऱ्यांनी दोन वर्षांनी दिली. त्या एका ओळीनं पुढची कितीतरी वर्षं लोकांना अस्वस्थ ठेवलं. उत्तर इतकं सुटसुटीत असेल तर आपली पद्धतच कुठेतरी आडवळणाची आहे, हा संशय त्यातून आला आणि त्या संशयातून संशोधनाची एक नवी शाखाच फुटली. २०१० मध्ये पुन्हा तेच घडलं. सहा ग्लुऑनांच्या एका गणिताचं १७ पानांचं उत्तर चौघा संशोधकांनी काही ओळींवर आणलं.

अशी दडलेली साधी रूपं शोधणं हे काम न्यूरल नेटवर्कच्या स्वभावाला मानवतं. २०२२ मध्ये हार्वर्डच्या एका गटानं नेमक्या याच जातीच्या अवजड सूत्रांना आटोपशीर करायला नेटवर्कला शिकवलं. २०२४ मध्ये लान्स डिक्सन आणि सहकाऱ्यांनी भाषा-मॉडेलच्या मुळाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मर या नेटवर्कच्या रचनेला कणांच्या टकरींच्या सूत्रांमधले पूर्णांक सहगुणक ओळखायला लावले. जणू ती सूत्रं म्हणजे एका अनोळखी भाषेतली वाक्यं आणि यंत्रानं तिचं व्याकरण पकडायचं. अनेक कणांच्या क्वांटम अवस्था नेटवर्कनं मांडण्याची २०१७ सालची कार्लेओ आणि ट्रॉयर यांची कल्पना तर आता रोजच्या वापरात मुरली आहे. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. यंत्रानं दिलेलं उत्तर खरं की खोटं, हे लगेच तपासता येतं. लांब सूत्र आणि छोटं सूत्र, दोन्हींत आकडे घालायचे, जुळलं तर जुळलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा वाद या तपासण्यावर उभा आहे.

एआयनं आजवर जिथे डोळे दिपवले, तिथे निवाडा करणारा पंच शेजारीच उभा होता. बुद्धिबळात डाव संपला की निकाल लागतो. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये दोन कंपन्यांच्या मॉडेलनी सहापैकी पाच प्रश्न सोडवून सुवर्णपदकाच्या पातळीचे गुण मिळवले. तिथेही सिद्धता बरोबर की चूक हे काही तासांत ठरतं. प्रथिनांच्या आकारांचं भाकीत करणारी प्रणाली घडवणाऱ्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तिच्या पाठीशी प्रयोगशाळांनी १९७१ पासून जमवलेल्या, एक लाखाहून अधिक प्रथिनांच्या रचनांची पेढी होती. सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा पंच म्हणजे निसर्ग, आणि तो फार सावकाश बोलतो. हिग्ज कणाची कल्पना १९६४ ची, कण सापडला २०१२ मध्ये. गुरुत्वलहरी आइनस्टाइननी १९१६ मध्ये कागदावर काढल्या, त्या प्रत्यक्ष टिपल्या गेल्या २०१५ मध्ये. क्वांटम गुरुत्वाकर्षणाचं तर विचारूच नका. ज्या ऊर्जेला त्याचे परिणाम ठळक दिसावेत ती ऊर्जा आजच्या सर्वांत मोठ्या प्रवेगकाच्या ऊर्जेहून एकावर पंधरा शून्यं इतक्या पटींनी मोठी आहे. तिथे यंत्राला शिकवायला विदा (डेटा) नाही आणि त्याला चूक ठरवायला प्रयोगही नाही. घनपदार्थांचं किंवा विश्वरचनेचं भौतिकशास्त्र या बाबतीत सुदैवी आहे, तिथे मोजमापांचा पूर आहे. म्हणून एआय भौतिकशास्त्र बदलेल असं सरसकट विधान करणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठलं भौतिकशास्त्र?

पंच गप्प असताना खेळाडू काय करतात, याचा नमुना आपण एआयशिवायच पाहिला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये जिनिव्हाच्या प्रवेगकावरच्या दोन प्रयोगांनी ७५० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या आसपास फोटॉनांच्या जोड्यांमध्ये एक छोटा उंचवटा पाहिला. नवा कण असू शकेल, नसूही शकेल. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त विदा आली आणि उंचवटा सपाट झाला. मधल्या आठ महिन्यांत त्या नसलेल्या कणाचं स्पष्टीकरण देणारे सुमारे ५०० शोधनिबंध लिहून झाले होते. त्यातला प्रत्येक निबंध माणसांनी, रात्री जागून, हातानं आकडेमोड करून लिहिला होता. मी त्यांना दोष देत नाही. संधी दिसल्यावर अंदाज बांधायचे नाहीत तर विज्ञान करायचं कशाला? पण उद्या असा उंचवटा दिसेल तेव्हा ५०० निबंध एका दुपारी तयार होतील. लिहिण्याचा खर्च शून्याकडे निघाला आहे. वाचण्याचा खर्च मात्र जिथल्या तिथे आहे, कारण एक निबंध नीट वाचून, सूत्रं पुन्हा काढून पाहायला तज्ज्ञाला लागतात ते दिवस कमी झालेले नाहीत. १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी सुरू केलेल्या अर्काइव्ह या निबंधांच्या खुल्या भांडाराला याची झळ लागलीच आहे. २०२५ मध्ये अर्काइव्हनं संगणकशास्त्राच्या विभागात आढावा घेणारे आणि भूमिका मांडणारे निबंध आधी समीक्षा झाल्याशिवाय घेणं बंद केलं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मांडणारे उथळ नाहीत. ते म्हणतात, समजलं पाहिजे हा माणसाचा हट्ट आहे. यंत्राचं भाकीत निसर्गाशी जुळत असेल तर आत काय चाललंय ते आपल्याला कळलं नाही म्हणून काय बिघडलं?

याचं उत्तर द्यायला ग्रहांसारखं चांगलं उदाहरण नाही. २०२५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी एका ट्रान्सफॉर्मरला ग्रहांच्या कक्षा शिकवल्या. पुढचं स्थान तो सुरेख सांगायचा. मग त्यांनी त्यातून बल काढून घेतलं, म्हणजे ग्रह कुठल्या नियमानं ओढला जातो असं यंत्राला वाटतं ते तपासलं. न्यूटनचा नियम निघाला नाही. निघालं ते निरर्थक सूत्र, आणि ग्रहमाला बदलली की सूत्रही बदलत होतं. याच्या बरोबर उलटा वाटणारा एक निकाल २०२२ चा आहे. तिथे सूर्यमालेच्या ३० वर्षांच्या खऱ्या विदेवरून यंत्रानं न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम पुन्हा शोधला. पण त्या नेटवर्कच्या रचनेतच संशोधकांनी न्यूटनचे गतीचे दुसरा आणि तिसरा हे नियम आधी बसवले होते. कुठे पाहायचं ते माणसानं सांगितलं, यंत्रानं पाहिलं. ही भागीदारी मला आवडते, फक्त तिला यंत्राचा स्वतंत्र शोध म्हणू नये.

भाकीत पुरेसं आहे असं मानलं असतं तर केप्लर मंगळापाशी कधीच अडला नसता. आकाशाचा काटेकोर निरीक्षक टायको ब्राहे याच्या नोंदींशी त्याची वर्तुळांवर आधारलेली मांडणी फक्त ८ कलांनी चुकत होती. पूर्ण चंद्रबिंबाच्या साधारण पाव भागाएवढी ही चूक. आणखी एखादं उपवर्तुळ (वर्तुळावर फिरणारं छोटं वर्तुळ) जोडून ती झाकता आली असती. पुरेशी उपवर्तुळं घेतली तर कुठलीही कक्षा हवी तितकी जुळवता येते, आणि पुरेसे अंक हाताशी असलेलं नेटवर्क नेमकं हेच करतं. केप्लरला टायकोच्या अचूकपणावर विश्वास होता, म्हणून त्यानं ८ कला पोटात घातल्या नाहीत. वर्तुळच टाकून दिलं. १६०९ मध्ये लंबवर्तुळ छापून आलं.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिए याची गोष्ट याहून बोलकी आहे. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता, म्हणून त्यानं पलीकडे एक न दिसलेला ग्रह मानला, आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधही गणिताप्रमाणे चालत नव्हता, म्हणून १८५९ मध्ये त्यानं पुन्हा तीच युक्ती केली, सूर्याजवळ आणखी काहीतरी असावं असं मानलं. त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन असं नावही मिळालं. तो नव्हताच. शतकाला ४३ विकलांचा तो फरक १९१५ मध्ये आइनस्टाइननी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच बदलून समजावला. माणूस तोच, युक्ती तीच, एकदा लागू पडली आणि एकदा नाही. नवा ग्रह मानायचा की जुना नियम मोडायचा, हे त्या विदेत कुठेही लिहिलेलं नव्हतं. यंत्राला ही निवड कधीच जमणार नाही असं मी म्हणत नाही. अशी विधानं करणारे आजवर तोंडघशी पडले आहेत. जमली, तरी ती जमली हे ओळखायला त्या वेळी कुणीतरी जागं असावं लागेल, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता दुसऱ्या एका चिन्हाची गोष्ट.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेनं म्यूऑन या, इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड कणाच्या चुंबकत्वाचं नवं मोजमाप जाहीर केलं. सिद्धांताच्या आकड्यापासून ते प्रमाणित विचलनाच्या (अनिश्चिततेच्या मापाच्या) २.६ पट दूर होतं. नव्या भौतिकशास्त्राची चाहूल म्हणून निबंधांची रीघ लागली. सिद्धांताच्या आकड्यात अनेक तुकडे असतात. त्यातल्या एका अवघड तुकड्याचं गणित दोन वेगवेगळ्या गटांनी केलेलं होतं आणि दोघांचंही चिन्ह उणे होतं. दोन गट, दोन वाटा, एकच उत्तर. ताळा जमला असंच कुणीही म्हटलं असतं. त्याच वर्षाच्या शेवटी मार्क क्नेख्ट आणि आंद्रेआस निफेलर यांनी तोच तुकडा वेगळ्या पद्धतीनं काढला आणि चिन्ह अधिक आलं. जुन्या गटांपैकी एकातल्या हायाकावा आणि किनोशिता यांनी आपली आकडेमोड उलगडून पाहिली. बीजगणित करणाऱ्या प्रोग्रॅमचा एका गणिती राशीबद्दलचा संकेत त्यांनी धरलेल्या संकेताहून वेगळा होता. यंत्रानं त्याला सांगितलं ते चोख केलं होतं. दुसऱ्या गटानंही आपलं चिन्ह चुकल्याचं मान्य केलं. प्रयोग आणि सिद्धांत यांतलं अंतर २.६ वरून १.६ वर आलं, आणि वर्षभर रंगलेली नवलाई बरीचशी ओसरली.

या प्रसंगातली माणसं हुशार, काळजी घेणारी आणि प्रामाणिक होती. तरीही चूक राहिली, आणि सापडली ती तिसऱ्या कुणीतरी वेगळ्या वाटेनं चालत जाऊन खुंटा हलवून पाहिला म्हणून. आता याच जागी उद्याचं दृश्य ठेवून पाहा. दहा गट दहा देशांत बसून एकाच गणिताचं उत्तर काढताहेत, पण दहाही गट दोन-तीन कंपन्यांच्या मॉडेलना विचारताहेत, आणि ती मॉडेल त्याच जुन्या निबंधांवर शिकलेली आहेत. दहा उत्तरं जुळली तर त्यातून काय सिद्ध होतं? एकाच वहीतून उतरवलेली उत्तरं एकमेकांशी जुळणारच. शिवाय या मॉडेलची एक खोड जास्त धोक्याची आहे. अपेक्षित उत्तर त्यांना वाचून माहीत असतं, आणि मधल्या पायऱ्या त्या उत्तराकडे वळवून लिहिण्याकडे त्यांचा कल असतो. माणसाची चूक बहुधा उत्तर बिघडवते, म्हणून ती पकडता येते. उत्तर बरोबर ठेवून वाट चुकवणारी चूक पकडायची तर प्रत्येक पाऊल तपासावं लागतं. शितावरून भाताची परीक्षा करायची आपली जुनी सवय इथे फसते, कारण इथे एक शीत शिजलेलं आणि शेजारचं कच्चं असू शकतं.

अशी पावलं तपासणारा माणूस कसा घडतो? याला मला तरी एकच उत्तर माहीत आहे: त्यानं स्वतः ती पावलं हजार वेळा टाकलेली असतात, आणि शेकडो वेळा चुकलेली असतात. त्याचा हात बसलेला असतो. सैद्धांतिक भौतिकशास्त्रातली पीएचडी म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला रटाळ आकडेमोडीची चार-पाच वर्षं. आतून ती वेगळी दिसतात. एखादं पद तिसऱ्यांदा रद्द झालं की का रद्द होतंय असा प्रश्न पडतो, आणि तिथे एखादी लपलेली सममिती सापडते. उत्तर अपेक्षेपेक्षा दुप्पट आलं की आपण काय दोनदा मोजलं ते शोधताना कणांची ओळख पटते. १९७३ मध्ये विल्चेक आणि पोलित्झर हे विद्यार्थी होते हा योगायोग नाही. त्या वयात, त्या चिकाटीनं केलेल्या आकडेमोडीतच त्यांचा प्रश्न तयार झाला.

कॅल्क्युलेटर आला तेव्हाही अशीच ओरड झाली होती, असं यावर म्हणतात. लॉगॅरिदमची कोष्टकं गेली, कुणाचं काही अडलं नाही. खरं आहे. पण कॅल्क्युलेटरनं घेतलेलं काम बंदिस्त होतं. कुठल्या दोन संख्या गुणायच्या हे माणूसच ठरवत होता. भाषा-मॉडेल त्याच्या आधीची पायरी मागतं: कुठलं पद मोठं, कुठलं क्षुल्लक, कुठला परिणाम या गणितापुरता सोडून द्यायचा. काय सोडून द्यायचं हे ठरवणं म्हणजेच बहुतेक वेळा भौतिकशास्त्र असतं. ते काम विद्यार्थ्याच्या हातून पहिल्याच वर्षी गेलं तर तो यंत्राच्या उत्तरांचा परीक्षक होईल, स्वतः कधीही परीक्षार्थी न होता.

१९५५ मधल्या एका अहवालाचा इथे उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. लॉस अलामॉसच्या संगणकावर फर्मी, पास्ता आणि उलम यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची एक साखळी हलवून पाहिली. तो प्रोग्रॅम मेरी त्सिंगू यांनी लिहिला होता, आणि त्यांचं नाव या प्रयोगाला जोडलं जायला अर्धं शतक लागलं. ऊर्जा हळूहळू सगळ्या कंपनांमध्ये वाटली जाईल अशी अपेक्षा होती. ती काही काळानं जवळपास मूळ जागी परत आली. आकडे संगणकानं दिले, पण हे आकडे विचित्र आहेत असं वाटायला मनात आधी एक अपेक्षा असावी लागते, आणि ती सांख्यिकी भौतिकी अंगात मुरलेल्या माणसांकडे होती. दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी त्या विचित्रपणातून सॉलिटॉनची, म्हणजे आकार न बदलता पुढे सरकणाऱ्या एकट्या लाटेची, कल्पना काढली. ज्याला काहीच अपेक्षा नाही त्याला त्या छापील कागदावर फक्त आकडे दिसले असते.

म्हणून मी काही आग्रह धरतो. पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत किमान काही मोठी गणितं हातानं, यंत्राविना करायला लावावीत, आणि त्या काळात विद्यार्थ्याकडून निबंधांची अपेक्षा ठेवू नये. निबंधावर ज्याचं नाव, त्याला फळ्यासमोर उभं राहून त्यातली कुठलीही पायरी समजावता आली पाहिजे. मॉडेलनं असं सांगितलं, हे उत्तर चालू नये. आणि सर्वांत निकडीचं: दुसऱ्याचं गणित पुन्हा करून पाहणं हे स्वतंत्र, मानाचं संशोधन मानलं गेलं पाहिजे. आज ते कुणी करत नाही कारण त्याला गुण नाहीत, नोकरी नाही, प्रकरण म्हणून प्रबंधातही जागा नाही. निबंधांची संख्या मोजून माणसं नेमणारी व्यवस्था एआयच्या आधीही वाईट होती. आता तर ती वेडेपणाची आहे, कारण ती जे मोजते ते फुकट तयार होऊ लागलं आहे.

पैशाचा आणि मालकीचा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. सैद्धांतिक भौतिकशास्त्र हे आजवर सर्वांत स्वस्त विज्ञान होतं. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइनस्टाइनना निबंध पाठवला तेव्हा त्यासाठी प्रयोगशाळा लागली नव्हती. प्रकाशकण मोजण्याची एक नवी रीत होती. चंद्रशेखर १९३० मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, बोटीनं इंग्लंडला जाताना ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या मर्यादेचं गणित करत होते. ज्याच्याकडे कागद आणि वेळ आहे तो या विषयात कुणाचीही बरोबरी करू शकतो, ही या क्षेत्राची खरी श्रीमंती. उद्या चांगल्या गणितासाठी महागडं मॉडेल लागणार असेल, आणि ते मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात असेल, तर ही बरोबरी संपली. ही मॉडेल ज्यावर शिकली ते निबंध बहुतांशी जनतेच्या पैशातून लिहिले गेले आणि खुल्या भांडारात विनामूल्य ठेवले गेले. त्यातून तयार झालेलं हत्यार बंद पेटीत आहे. शिवाय कंपनीनं मॉडेलची आवृत्ती बदलली की कालचं गणित आज तसंच पुन्हा करता येईल याची खात्री नाही, आणि पुन्हा करता येत नाही अशा निकालाला विज्ञान म्हणत नाहीत. म्हणून संशोधनासाठी खुली मॉडेल आणि सार्वजनिक संगणनशक्ती मिळणं, ही मागणी भौतिकशास्त्रज्ञांनी प्रवेगक मागतात तितक्याच जोरानं करायला हवी.

यंत्र आणि माणूस यांची नीट जोडी कशी दिसते, हे पाहायला मी पुन्हा त्याच किनोशितांकडे जातो. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचं गणित ते अनेक दशकं करत होते. आठव्या क्रमांकाच्या पायरीवर त्यात ८९१ आकृत्या येतात, आणि त्यांच्या गटानं काढलेला आकडा जगभर वापरला जात होता. २००७ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी तरुण सहकाऱ्यांबरोबर प्रोग्रॅम आपोआप लिहिणारी एक प्रणाली वापरून बंद वलयं नसलेल्या ५१८ आकृत्यांचं गणित पहिल्यापासून करवून घेतलं. मग जुने आणि नवे निकाल एकेक करून शेजारी ठेवले. दोन आकृत्यांच्या जुन्या गणितात विसंगती निघाली. ती का आली हे त्यांनी शोधून काढलं, आपली चूक आपणच छापली, आणि त्यावर बेतलेल्या सूक्ष्मरचना स्थिरांकाच्या (विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणाऱ्या संख्येच्या) व्यस्ताची किंमत १३७.०३५९९९७१० वरून १३७.०३५९९९०७० झाली.